वाचक विचारतात : समोरची खुर्ची कागदावर का बिघडते?

प्रश्न : मी नागपूरच्या एका महाविद्यालयात प्रॉडक्ट डिझाइनच्या पहिल्या वर्षाला शिकते. शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षांत मला ‘अ’ श्रेणी मिळाली होती आणि फोटो समोर ठेवून मी माणसांचे चेहरे हुबेहूब काढते. असे असूनही वर्गात साधी लाकडी खुर्ची मध्यभागी ठेवली, की माझे रेखाटन हमखास बिघडते. बैठक पुढे कलंडल्यासारखी दिसते, पाय आखूड होतात आणि शेडिंग कितीही केले तरी खुर्ची जमिनीवर टेकलेली वाटत नाही. सर दर वेळी ‘नीट बघ’ एवढेच म्हणतात. नीट बघणे म्हणजे नेमके काय करायचे, आणि फोटोवरून चित्र काढण्याची सवय मोडावी का, हे कृपया सांगावे.
— एक विद्यार्थिनी

उत्तर : कलंडलेली बैठक आणि आखूड पाय या तुम्हाला दोन चुका वाटत असल्या, तरी त्या एकाच चुकीची दोन टोके आहेत. खुर्चीची बैठक चौरस असते हे तुम्हाला ठाऊक आहे आणि हात ते ठाऊक असलेलेच काढून मोकळा होतो. प्रत्यक्षात काय दिसते याचा एकदा हिशेब करून पाहा. तुम्ही खुर्चीपासून दोन मीटर अंतरावर, तिच्या अगदी समोर बसला आहात, तुमचे डोळे जमिनीपासून १२० सेंमी उंचीवर आहेत आणि बैठक ४५ सेंमी उंच, ४० सेंमी रुंद व तितकीच खोल आहे, असे धरू. या स्थितीत बैठकीची पुढची कड ४० मानली, तर तिथपासून मागच्या कडेपर्यंतचे दिसणारे अंतर जेमतेम साडेबारा भरते, म्हणजे रुंदीच्या एक तृतीयांशाहूनही कमी. एवढ्या चिंचोळ्या पट्टीवर माणूस बसेल कसा, अशी मनाला शंका येते आणि ते आपल्या नकळत ती पट्टी वीस-पंचवीसपर्यंत फुगवते. मग पुढची कड खाली सरकते, पायांना जागा उरत नाही आणि आखूड पायांवरची ती रुंद बैठक पुढे ओघळल्यासारखी दिसू लागते.

तुमचे सर ‘नीट बघ’ म्हणतात, त्याचा अर्थ माझ्या मते ‘मोजून बघ’ असा आहे. पेन्सिल हातात धरून हात पूर्ण ताठ करावा, एक डोळा मिटावा, पेन्सिलीचे टोक बैठकीच्या एका कोपऱ्यावर आणून दुसऱ्या कोपऱ्यावर अंगठा सरकवावा आणि मिळालेले माप उंचीत किती वेळा बसते ते पाहावे. ही रीत बहुतेकांना माहीत असते. पण मोजताना कोपर किंचित वाकते, याकडे फारच थोड्यांचे लक्ष जाते. डोळ्यापासून पेन्सिल ६० सेंमीवर असताना घेतलेले एक माप आणि ती ५५ सेंमीवर आल्यावर घेतलेले दुसरे माप यांत सुमारे आठ टक्क्यांची तफावत पडते, आणि अशी तीन-चार मापे एकत्र आली, की खुर्ची डगमगलीच म्हणून समजा. पेन्सिल वस्तूच्या दिशेने तिरकी करू नये, नजरेला आडवी धरावी. ती तिरकी झाली, की माप खोटे ठरते.

मोजल्यानंतरचे काम म्हणजे खुर्ची विसरून तिच्यातल्या रिकाम्या जागा काढणे. दोन पायांमधून दिसणारा भिंतीचा तुकडा, पाठीच्या पट्ट्यांमधल्या फटी, बैठकीखालचा वाकडातिकडा चौकोन, या आकारांना नावे नसतात, त्यामुळे मनाजवळ त्यांच्याविषयी आधीच ठरवलेले काही नसते आणि ते मुकाट्याने दिसतील तसे कागदावर उतरतात.

माझ्या पहिल्या वर्षी मीही असाच अडलो होतो, फरक एवढाच की माझ्यापुढे पाण्याचा स्टीलचा पेला होता. वरची कड मी ऐसपैस लंबवर्तुळाकार काढली होती आणि बूड सरळ रेषेत, कारण पेला टेबलावर सपाट बसलेला आहे हे मला माहीत होते. शिक्षकांनी काही न बोलता पेला उचलून माझ्या डोळ्यांच्या पातळीवर धरला. तिथे कडेची नुसती रेघ झाली. मग तो सावकाश खाली नेत गेले, तसतसे ते लंबवर्तुळ फुगत गेले. नजरेच्या पातळीपासून जितके खाली जावे तितके ते अधिक गोलसर दिसते; तेव्हा टेबलावरच्या पेल्याचे बूड त्याच्या तोंडाहून अधिक फुगीर असायला हवे, आणि मी नेमके उलटे केले होते. त्या संध्याकाळी मेसमध्ये मी जेवणापेक्षा ताटवाट्यांकडेच जास्त पाहत होतो, हे आजही आठवते.

खुर्ची जमिनीवर का टेकत नाही, याचे उत्तर शेडिंगमध्ये शोधू नका. चारही पायांची खालची टोके फिकट रेषांनी जोडून पाहा. तो चौकोन आणि वरच्या बैठकीचा चौकोन यांच्या समांतर कडा पुढे वाढवल्यावर नजरेच्या पातळीवरच्या एकाच बिंदूकडे जात असतील, तर खुर्ची उभी राहील. त्यानंतर जिथे पाय फरशीला प्रत्यक्ष टेकतो, तिथे सावली सर्वांत गडद ठेवावी आणि दूर जाताना ती विरळ करावी. घराबाहेर बसून सावल्या अभ्यासायच्या असतील, तर आपल्या नागपुरात सकाळी आठच्या आत किंवा सायंकाळी बसावे. मेच्या अखेरीस, २६ तारखेच्या सुमारास, भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्या पायाशीच नाहीशी होते. त्या उन्हात ना चित्र होईल, ना तब्येत राहील.

फोटोची सवय पूर्ण मोडू नका, पण वर्षभर बाजूला ठेवा. फोटोत त्रिमितीय वस्तू कागदावर आणण्याचे अवघड काम कॅमेऱ्याने आधीच केलेले असते. तुम्ही एका सपाट पृष्ठभागावरून दुसऱ्या सपाट पृष्ठभागावर नक्कल करता, आणि त्या कौशल्यालाच तुम्ही आजवर निरीक्षण समजत आलात. शिवाय मोबाइल वस्तूच्या फार जवळ नेला, की पुढचा भाग वाजवीपेक्षा मोठा येतो. डिझाइनच्या विद्यार्थ्याला वस्तू आतून कशी जोडलेली आहे हे चित्रातून कळायला हवे. सायकल स्मरणातून काढून पाहा. साखळी कोणत्या चाकाला जोडलेली असते इथेच अनेकांची गल्लत होते. मग इतवारीत उभ्या असलेल्या एखाद्या सायकलरिक्षासमोर अर्धा तास बसा. हालचालीच्या सरावासाठी महाराजबागेतील प्राणी आहेत, त्यांची तीस-तीस सेकंदांची रेखाटने करावीत. आणि न हलणारे, तक्रार न करणारे मॉडेल हवे असेल, तर १८६३ मध्ये स्थापन झालेल्या आपल्या अजब बंगल्यातील, म्हणजे नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयातील, शिल्पे आहेत. तिथे बसून चित्र काढण्याची परवानगी मात्र आधी विचारून घ्यावी.

प्रश्न : मुलगा डिझाइनला गेला आहे. रेखाटनाच्या सरावासाठी त्याला महागडा टॅब्लेट घेऊन द्यावा का?
— एक पालक

उत्तर : पहिल्या वर्षी नको. टॅब्लेटवर मुले चित्र मोठे करून एकेका कोपऱ्यात रमतात, त्यामुळे संपूर्ण आकार एका नजरेत राहत नाही आणि प्रमाण तिथेच सुटते. २बी आणि ४बी या दोन पेन्सिली, एक साधे बॉलपेन, न्यूजप्रिंटचे स्वस्त कागद आणि ते लावायला ड्रॉइंग बोर्ड एवढे त्याला पुरेल. बोर्ड मांडीवर सपाट न ठेवता उभा कलता ठेवायला सांगा, नाहीतर कागदाचा वरचा भाग डोळ्यांपासून लांब जाऊन चित्र वरच्या बाजूला ताणले जाते. खोडरबर पहिले दोन महिने कपाटातच असू द्या. चुकलेली रेषा तशीच ठेवून तिच्या शेजारी दुसरी काढली, म्हणजे आपण किती आणि कोणत्या बाजूला चुकतो हे त्याला दिसत राहील.