मायटोकॉन्ड्रियाचे आजार आणि पोटातलं बाळ: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आमची मुलगी जन्मानंतर चौथ्या दिवशी रक्तात लॅक्टिक आम्ल वाढून गेली. गरोदरपणातल्या सगळ्या सोनोग्राफी नॉर्मल होत्या. मग हा आजार अचानक आला कुठून?

तो आधीपासूनच होता. पोटातलं बाळ कमी ऑक्सिजनमध्ये वाढतं आणि त्याचं हृदय बरीचशी ऊर्जा ऑक्सिजनविना ग्लुकोज फोडून मिळवतं. साठणारं लॅक्टिक आम्लही बऱ्याच अंशी वारेतून आईच्या रक्तात जातं. जन्मानंतर हा आधार तुटतो, मायटोकॉन्ड्रियावर, म्हणजे ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करणाऱ्या पेशीतल्या भागांवर, एकदम पूर्ण भार येतो आणि दोष उघडा पडतो. सोनोग्राफीत अवयवांचा आकार दिसतो, पेशीतली रसायनं दिसत नाहीत. तुमच्या नजरेतून काही सुटलं, हा विचार कृपा करून मनातून काढून टाका.

काही बाळांमध्ये मात्र खुणा आधीच दिसतात. वाढ खुंटणं ही त्यांतली नेहमी आढळणारी खूण. कधी हृदयाचा स्नायू जाड होतो, अंगात पाणी साठतं, गर्भजल वाढतं, हालचाल मंदावते. पायरुव्हेट डिहायड्रोजिनेज या ग्लुकोजपासून ऊर्जा मिळवायला लागणाऱ्या विकराच्या (एन्झाइमच्या) कमतरतेत मेंदूचे दोन भाग जोडणारा पट्टा नीट तयारच होत नाही, कारण मेंदूची घडण चालू असतानाच ऊर्जा कमी पडते. तरीही यातली एकही खूण फक्त याच आजारांची नाही. म्हणून सोनोग्राफीवरून निदानाचा शिक्का मारू नये.

प्रश्न: मायटोकॉन्ड्रिया आईकडून येतात, म्हणून घरचे मला दोष देतात. खरंच माझ्यामुळे झालं?

दोष कुणाचाच नाही, आणि बहुतेक वेळा हे शास्त्रालाही धरून नाही. मायटोकॉन्ड्रियाच्या स्वतःच्या डीएनएत फक्त ३७ जनुकं असतात. तिथे लागणाऱ्या हजाराहून अधिक प्रथिनांची जनुकं पेशीच्या केंद्रकात असतात आणि ती दोन्ही पालकांकडून येतात. तान्ह्या बाळांतले बहुतेक आजार या केंद्रकातल्या जनुकांचे असतात. आई आणि बाबा दोघंही निरोगी वाहक असले, म्हणजे दोघांकडे त्याच जनुकाची एकेक सदोष प्रत असली, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते.

प्रश्न: माझ्या रक्तात मायटोकॉन्ड्रियल डीएनएच्या ३० टक्के प्रतींत ३२४३ क्रमांकाच्या जागी बदल आढळला. बाळातही तेवढाच येईल का?

नाही, आणि किती येईल ते आधी सांगता येत नाही. बीजांड तयार होताना आईच्या असंख्य मायटोकॉन्ड्रियल डीएनएपैकी थोडेच पुढच्या पिढीचे मूळ ठरतात. पोत्यातून एक मूठ धान्य काढलं की खड्यांचं प्रमाण प्रत्येक मुठीत वेगळं येतं, तसंच हे. त्यामुळे सख्ख्या भावंडांतही मोठा फरक पडतो. शिवाय या बदलाचं रक्तातलं प्रमाण वयानुसार घटत जातं. लघवीतल्या पेशींची तपासणी अधिक भरवशाची, ती करून घ्या. तुमच्या स्वतःच्या तब्येतीकडेही लक्ष हवं: या बदलासोबत गरोदरपणातला मधुमेह, रक्तदाब वाढणं आणि वेळेआधी प्रसूती यांचा धोका जास्त असतो.

प्रश्न: पुढच्या वेळी बाळाची तपासणी पोटातच करता येईल का?

आधीच्या बाळात नेमका जनुकीय बदल सापडला असेल, तर येईल. वारेचा नमुना साधारण ११ ते १४ आठवड्यांत, गर्भजल १५ आठवड्यांनंतर घेतात. केंद्रकातल्या जनुकाचा दोष असेल तर उत्तर बहुधा स्पष्ट मिळतं. मायटोकॉन्ड्रियल डीएनएत मात्र बदललेल्या प्रतींचं प्रमाण मधलंच आलं की अर्थ लावणं कठीण होतं. म्हणूनच माझा आग्रह असतो की आजारी बाळाचा डीएनए जपून ठेवावा आणि निदान पुढच्या गरोदरपणाआधीच पूर्ण करावं. दिवस गेल्यावर शोध सुरू केला तर वेळ पुरत नाही.

प्रश्न: ‘तीन पालकांचं बाळ’ हा उपाय आमच्यासाठी आहे का?

यात आईबाबांचं केंद्रक निरोगी मायटोकॉन्ड्रिया असलेल्या दुसऱ्या स्त्रीच्या बीजांडात ठेवतात. तो फक्त मायटोकॉन्ड्रियल डीएनएच्या दोषासाठी आहे. ब्रिटनने २०१५ मध्ये त्याला कायदेशीर परवानगी दिली, आणि न्यूकॅसलच्या गटाने २०२५ मध्ये अशा ८ बाळांची माहिती प्रसिद्ध केली. दुसऱ्या स्त्रीचं बीजांड पूर्णच घेणं हा त्याहून सोपा पर्याय आहे, पण मग आईशी जनुकीय नातं राहत नाही.

प्रश्न: मला फिट्स येतात आणि घराण्यात पीओएलजी या मायटोकॉन्ड्रियल डीएनएच्या प्रती बनवायला लागणाऱ्या जनुकाचा दोष आहे. गरोदरपणाआधी औषध बदलावं का?

औषध व्हॅल्प्रोएट असेल तर न्यूरॉलॉजिस्टना लगेच भेटा. ते बाळाच्या घडणीला बाधक आहेच, शिवाय हा आजार तुमच्यात असेल तर तुमचं यकृत निकामी करू शकतं. पण स्वतःहून एकदम बंद करू नका.