परदेशात पहिलं खातं कुठलं? बडोद्याच्या वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी म. स. विद्यापीठातून अभियांत्रिकीची पदवी घेतली आहे. ऑक्टोबरपासून जर्मनीत मास्टर्स सुरू होतंय. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंट उघडायचंच आहे, तर तेच पुढे रोजच्या व्यवहाराला चालेल का? नसेल तर शाखा असलेली बँक बरी की नुसती मोबाइलवरची?
— एक वाचक, मांजलपूर

उत्तर : तेच खातं चालणार नाही. ब्लॉक्ड अकाउंट, ज्याला तिथे श्पेरकोन्टो म्हणतात, ते पैसे अडवून ठेवण्यासाठीच असतं. सध्या वर्षाचे 11,904 युरो त्यात भरावे लागतात आणि पोचल्यावर त्यातले महिन्याला 992 युरो सुटतात. ते जमा व्हायला तुमच्या नावाचं चालू खातं लागतं, त्याला गिरोकोन्टो म्हणतात. घरभाडं, आरोग्य विमा, मोबाइलचं बिल, अर्धवेळ कामाचा पगार हे सगळं त्याच खात्यावरून होतं. गिरोकोन्टो उघडायला उशीर झाला, तर घरच्यांनी भरलेले लाखो रुपये समोर दिसत असूनही हाताशी येत नाहीत.

आधी पैसे पाठवण्याबद्दल. इथल्या बँकेत परदेशी पैसे पाठवण्याचा ए-2 अर्ज भरताना कारणाचा कोड शिक्षणाचा, म्हणजे एस 0305, पडला आहे ना, हे स्वतः वाचून पाहा. 1 युरो 100 रुपयांचा धरला तर रक्कम 11,90,400 रुपये होते. एका आर्थिक वर्षात एका पॅनवर 10 लाखांपर्यंत टीसीएस (पैसे बाहेर पाठवताना बँक आगाऊ कापते तो कर) लागत नाही, म्हणजे तो फक्त वरच्या 1,90,400 वर लागेल. कारण चुकून दुसरंच पडलं, तर त्या वरच्या रकमेवर 20 टक्के कापले जाऊ शकतात. आईवडिलांनी आपापल्या खात्यातून थोडे थोडे पाठवले, तर दोघांची मर्यादा वेगळी धरली जाते. मात्र दोन हप्त्यांत आलेली रक्कम तुमचा ब्लॉक्ड अकाउंटवाला स्वीकारतो का, ते आधी विचारा. मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पैसे जात असतील तर टीसीएस नाहीच. कापला गेलेला टीसीएस विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो.

दुसरं, बँकेचा खर्च पाठवणाऱ्याकडे असेल असा पर्याय निवडा. अर्जावर तो ‘अवर’ असा लिहिलेला असतो. नाहीतर मधली बँक आपला आकार कापून घेते, तिकडे 11,904 ऐवजी थोडे कमी जमा होतात आणि व्हिसासाठीचं पुष्टीपत्र तेवढ्यासाठी अडून राहतं.

गुजरातेत शिकलेल्यांनी नावाकडे जास्त लक्ष द्यावं. आपल्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं असतं. पासपोर्टवर मात्र आडनावाचा रकाना वेगळा आणि बाकीची दोन नावं एकत्र. बँकेचा प्रत्येक अर्ज पासपोर्टप्रमाणेच भरा. वडिलांचं नाव एका अर्जात लिहिलं आणि दुसऱ्यात गाळलं, तर दोन्ही माणसं एकच हे पटवण्यात दिवस जातात.

आता गिरोकोन्टो. राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पालिकेच्या कचेरीत पत्ता नोंदवायचा असतो. त्याला आनमेल्डुंग म्हणतात आणि त्यासाठी घरमालकाच्या सहीचा दाखला लागतो. नोंदणीचा कागद आणि पासपोर्ट घेतला की शाखेत खातं उघडता येतं. विद्यार्थी-खात्यासाठी प्रवेशाचं प्रमाणपत्रही जवळ ठेवा. कर क्रमांक 11 अंकी असतो, तो नंतर टपालाने येतो आणि बँकेला मागाहून कळवला तरी चालतो. त्याच्यासाठी थांबून राहू नका.

मोबाइलवरच्या बँका स्वस्त असतात, पण त्यांची ओळख-तपासणी बहुधा व्हिडिओवर होते, आणि तिथे भारतीय पासपोर्ट न स्वीकारणाऱ्या बँका बऱ्याच आहेत. त्यामुळे पहिल्या वर्षासाठी आमचं मत सरळ आहे : श्पारकासे किंवा फोक्सबांक यांच्या शाखेत विद्यार्थ्यांसाठी बिनआकाराचं खातं मिळत असेल तर तेच घ्या. त्यासोबत गिरोकार्ड, म्हणजे तिथल्या बँकांचं डेबिट कार्ड, मिळतंय ना, तेवढं बघा. बेकरीसारख्या लहान दुकानांत कित्येकदा तेच कार्ड किंवा रोख चालते. व्याजाचा दर, बक्षिसाचे 50 युरो, कार्डाचा रंग हे आत्ता पाहायचं नाही. महिन्याचा आकार किती, तो कितव्या वयापर्यंत माफ, आणि जवळच्या एटीएममधून पैसे काढायला काही लागतं का, हे तीन प्रश्न पुरेत. एखाद्या बँकेने नकार दिला तर ‘बाझिसकोन्टो’चा अर्ज मागा. कायदेशीर रहिवाशाला हे साधं खातं मिळण्याचा हक्क 2016 पासून आहे आणि बँकेला 10 कामकाजाच्या दिवसांत निर्णय द्यावा लागतो.

आणि एक गोष्ट, जिच्यामुळे अनेकांचं कार्ड परत जातं. आपल्याकडे सोसायटी आणि घर नंबर लिहिला की टपाल पोचतं. जर्मनीत पत्त्यात फ्लॅटचा नंबर सहसा नसतोच. पोस्टमन पत्रपेटीवरचं आडनाव वाचून पत्र टाकतो. कार्ड एका लिफाफ्यात आणि पिन दुसऱ्या लिफाफ्यात, वेगवेगळ्या दिवशी येतात. पेटीवर तुमचं आडनाव नसेल तर दोन्ही लिफाफे परत जातात. किल्ली मिळेल त्याच दिवशी कागदाच्या पट्टीवर आडनाव लिहून चिकटवा. कोणाच्या घरी राहत असाल तर पत्त्यात ‘बाय’ लिहून त्यांचं आडनाव घाला.

पहिल्या महिन्याचा खर्च 992 मध्ये भागणार नाही, कारण घराची अनामत बिनवीज-पाण्याच्या भाड्याच्या तिपटीपर्यंत असू शकते. कायद्याने ती तीन हप्त्यांत देता येते, हे घरमालकाशी बोलताना लक्षात असू द्या. त्यासाठी फॉरेक्स कार्डावर वेगळी रक्कम न्या. नोटा स्वरूपात एका प्रवासाला 3,000 डॉलरइतकंच परकीय चलन नेता येतं.

प्रश्न : मुलगा कॅनडात शिकायला गेला आहे. बँकवाले त्याला चेकिंग आणि सेव्हिंग्ज दोन्ही घ्यायला सांगतात. दोन्हींची गरज आहे का?
— एक वाचक, दांडिया बाजार

उत्तर : सुरुवातीला चेकिंग, म्हणजे रोजच्या व्यवहाराचं खातं, पुरे. पगार, भाडं, इंटरॅकने (तिथल्या बँकांची पैसे देण्याघेण्याची सोय) व्यवहार, सगळं त्यावर होतं. नवागतांसाठीची खाती ठरावीक काळ फुकट असतात आणि मग महिन्याचा आकार सुरू होतो. ती तारीख मुलाला आजच लिहून ठेवायला सांगा. त्याआधी विद्यार्थी-खात्यात बदलून घेता येतं. नोकरी नाही किंवा भरायला पैसे नाहीत, या कारणावरून तिथली बँक खातं नाकारू शकत नाही. व्याज देणाऱ्या खात्याला मात्र सिन, म्हणजे तिथला सामाजिक विमा क्रमांक, मागतात. तात्पुरत्या परवान्यावरच्यांचा सिन 9 ने सुरू होतो आणि त्याला मुदत असते. परवाना वाढला की तोही नवा करून बँकेत कळवायचा. नोकरीच्या ठिकाणी पगारासाठी तीन आकडे मागतील : पाच अंकी ट्रान्झिट (शाखेचा क्रमांक), तीन अंकी बँकेचा क्रमांक आणि खाते क्रमांक. बँकेच्या ॲपमधला थेट जमा करण्याचा फॉर्म छापून दिला की लिहिण्यात चूक होत नाही.

प्रश्न : मुलगी सप्टेंबरमध्ये शिकायला बाहेर गेली. रावपुऱ्यातल्या बँकेत तिचं बचत खातं आहे आणि माझ्या खात्यातही तिचं नाव आहे. काही करायला हवं का? ती आता तिकडून थोडे पैसे पाठवणार आहे.
— एक वाचक, कारेलीबाग

उत्तर : हो, आणि लवकर. परकीय चलनाच्या नियमांत शिक्षणासाठी गेलेला विद्यार्थीही अनिवासी धरला जातो, त्यामुळे तिचं साधं बचत खातं तसंच चालू ठेवता येत नाही. ते बंद करायचं नसतं. बँकेला कळवून एनआरओ खात्यात, म्हणजे अनिवासींच्या भारतातल्या पैशांसाठीच्या रुपये खात्यात, बदलून घ्यायचं असतं. पासपोर्ट, व्हिसा आणि परदेशातल्या पत्त्याचा पुरावा लागतो. (आयकरासाठी ती निवासी की अनिवासी, हा हिशेब वेगळा, वर्षातल्या दिवसांवर.)

तुमच्या खात्यातलं तिचं नाव मात्र काढायची गरज नाही. निवासी व्यक्तीच्या खात्यात जवळचा अनिवासी नातेवाईक ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ (दोघांपैकी कोणीही, किंवा मागे राहील तो) पद्धतीने राहू शकतो, पैसे तुमचेच असले पाहिजेत एवढंच. काही शाखांत हे ठाऊक नसतं आणि नाव काढून आणा म्हणतात. तेव्हा रिझर्व्ह बँकेने याला परवानगी दिलेली आहे, असं लेखी कळवून उत्तर मागा.

तिकडची कमाई पाठवायची असेल तर एनआरई, म्हणजे अनिवासींच्या परदेशी कमाईसाठीचं रुपये खातं, उघडा. त्यातलं व्याज भारतात करमुक्त असतं आणि मुद्दल-व्याज दोन्ही विनाअडथळा परत नेता येतं. एनआरओच्या व्याजावर बँक 30 टक्के आणि उपकर कापते, आणि तिथून बाहेर न्यायला वर्षाला 10 लाख डॉलरची मर्यादा आणि कराचं घोषणापत्र आणि सनदी लेखापालाचा दाखला असे कागद लागतात. उलट इथलं भाडं, लाभांश किंवा तुम्ही दिलेले रुपये एनआरईत भरता येत नाहीत; ते एनआरओतच जातात.

तिचा पीपीएफ असेल तर तो मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येतो, नवा उघडता येत नाही.

बँकेचे ओटीपी तिच्या भारतीय नंबरवर येत असतात. ते सिम तुमच्या जुन्या फोनमध्ये घालून ठेवा आणि रिचार्जची तारीख कॅलेंडरवर लिहा. नंबर बंद पडून दुसऱ्याला गेला, तर तो बदलायला तिला बँकेच्या शाखेत स्वतः उभं राहावं लागू शकतं.