आजोबांचा शटरवाला टीव्ही माळ्यावर सापडलाय, प्लग लावून बघू का?

नका लावू! निदान आज तरी नको. मी तीच घाई केली होती. पुण्याच्या जुन्या बाजारातून एका रविवारी लाकडी शटरचा ब्लॅक अँड व्हाइट संच उचलला, घरी आणून थेट प्लग लावला आणि मिनिटभरात आतला फिल्टर कंडेन्सर, म्हणजे वीज साठवून सपाट करणारा डबीसारखा भाग, फटाक्यासारखा उडाला. बायकोने त्याच संध्याकाळी मला संचासकट गॅलरीत हाकललं.

वर्षानुवर्षं पडून राहिले की असे इलेक्ट्रोलायटिक (आत ओलं रसायन असलेले) कंडेन्सर वाळतात. आधी ते बदला. मग १०० वॅटचा साधा, तारेचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे टीव्हीकडे जाणारी वीज बल्बातूनच जाईल असा, लावून वीज द्या. बल्ब भगभगीत पेटून तसाच राहिला, तर आत शॉर्ट आहे. संच व्हॉल्व्हचा (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांचा) असेल तर त्या नळ्यांचे फिलामेंट, म्हणजे आत तापणाऱ्या तारा, बहुधा गणपतीतल्या दिव्यांच्या माळेसारखे जोडलेले असतात. एक गेला की सगळे विझतात, म्हणून ‘मेलेला’ टीव्ही कधीकधी एकच व्हॉल्व्ह बदलला की उठतो.

आणि एक जिवावरचं. पिक्चर ट्यूबला १०-१५ हजार व्होल्ट लागतात आणि प्लग काढल्यावरही त्यातला चार्ज टिकून राहतो. शिवाय बऱ्याच जुन्या संचांत चासी, म्हणजे आतला धातूचा सांगाडा, थेट घरच्या विजेला जोडलेली असते. दोन पिनांचा प्लग उलटा बसला की चासीतच करंट. पहिल्यांदा उघडताना एखादा जुना मेकॅनिक शेजारी बसवाच.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, पुढच्या वर्षी सिंहगडावरून पुण्यात दिसू लागलं. आमच्या वाड्यात संच एकच, तोही मालकांकडे. शनिवारच्या मराठी सिनेमाला त्यांच्या दारात चपलांचा ढीग पडायचा. मोठा भाऊ कौलांवर चढून अँटेना सिंहगडाकडे वळवत ओरडायचा, “आलं का?” खालून तिघं तीन उत्तरं द्यायचे.

या संचांना कळेल असं आता हवेत काही उरलेलं नाही, आणि सेट टॉप बॉक्सची वायर खुपसायला मागे जागाही नसते. केबलवाल्याकडे जुना व्हीएचएफ मॉड्युलेटर, म्हणजे बॉक्सचं चित्र अँटेनाच्या जागेतून आत देणारी डबी, धूळ खात असेल, तो मागा. मला एका चहावर मिळाला.

बंद केल्यावर पडद्याच्या मधोमध एक पांढरा ठिपका उरायचा. तो विझेपर्यंत आम्ही पोरं उठत नसू. माझ्या संचात बाकी सगळं आलं, तेवढा ठिपका येत नाही. कुणाला कारण माहीत असेल तर खाली सांगा.