बागेतला जुना पेट्रोल ट्रॅक्टर पावसाळाभर पडवीत उभा होता. आता चोकवरच चालतो, थ्रॉटल (वेग वाढवायचा दांडा) वाढवला की बंद पडतो. काय करावं?

चोक हवा अडवून पेट्रोलचं प्रमाण वाढवतो. तो ओढल्यावरच चालतो म्हणजे इंजिनाला पेट्रोल कमी पोचतंय. पावसाळाभर पडवीत उभा होता म्हणताय, मग माझा पहिला संशय पाण्यावर. हल्लीच्या पेट्रोलात इथेनॉल असतं, ते आपल्याकडची दमट हवा ओढून घेतं.

पेट्रोलचा कॉक बंद करा, कार्बोरेटरची (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) खालची वाटी सोडवा आणि त्यातलं पेट्रोल काचेच्या ग्लासात ओता. तळाशी वेगळा थर किंवा पांढरी पूड दिसली की चोर सापडला. मग मेन जेट, म्हणजे ज्या बारीक भोकातून पेट्रोल इंजिनाकडे जातं तो तुकडा, काढून उजेडाकडे धरा, भोक स्वच्छ गोल दिसायला हवं. वायरमधली तांब्याची एक बारीक तार आत फिरवा. सुई अजिबात नको! जेट पितळेचा, भोक मोठं झालं की तो गेलाच. मालवणात असताना मी हा शहाणपणा करून बसलोय.

टाकीच्या झाकणातलं हवेचं भोकही बघा, कुंभारीण माशी तिथे माती लिंपते. थ्रॉटलची केबल खाऱ्या हवेने गंजते. तेल सोडूनही अडकत असेल तर सरळ बदला. गव्हर्नरच्या (इंजिनाचा वेग आवरणारा भाग) स्प्रिंगला मात्र हात लावू नका.