माळ्यावर मिळालेली कमरेत आवळलेली पितळी भांडी नेमकी कशाची?

तुमचं वर्णन असं: तीन पितळी भांडी, लहान-मोठी, कमरेत आवळलेली, ना झाकण ना कान, काठावर ठोकलेल्या बारीक खुणा. फुलदाण्या आहेत का, असं तुम्ही विचारलंय. वर्णन धान्याच्या मापांचं आहे. कमरेतला आवळ हाताच्या पकडीसाठी असतो. आत कल्हईचा मागमूस नसेल तर बहुधा स्वयंपाकाचं भांडं नव्हे, कारण बिनकल्हईच्या पितळेत आंबट पदार्थ कळकतात.

खरी परीक्षा मात्र आकाराची नाही, मापाची. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर रिकामं भांडं ठेवा, काटा शून्यावर आणा आणि काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम, तितके मिलिलिटर. तळाचा झाळलेला जोड सुटून पाणी गळत असेल तर मोहरी भरा, काठावरून सपाट पट्टी फिरवा आणि ती मोहरी खुणांच्या जगमध्ये ओतून मोजा. आता आकडे शेजारी मांडा. दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. शेरापर्यंत प्रत्येक माप मागच्याच्या दुप्पट यायला हवं. चौपट आलं तर मधलं एक हरवलंय. थोडं कमी भरलं तर पोचा पाहा, नाहीतर तळ बदलताना पत्रा वर बसवला गेलाय का ते बोटाने चाचपा.

कोणता शेर हे मात्र घाईने ठरवू नका. पायली सगळीकडे सारखी नव्हती, तालुका बदलला की बदलायची. गावातल्या जुन्या दुकानदाराला त्यांच्याकडच्या पायलीत तांदूळ किती किलो बसतात ते विचारा आणि तेवढेच तांदूळ ओतून ताडून पाहा.

काठावरच्या खुणा बहुधा सरकारी तपासणीच्या शिक्क्यांच्या असाव्यात. अंधाऱ्या खोलीत टॉर्च आडवा धरा किंवा टाल्कम पावडर चोळून वरवर पुसा, अक्षरं उठून दिसतात. मेट्रिक मापांचा कायदा 1956 चा, अंमल ऑक्टोबर 1958 पासून टप्प्याटप्प्याने. म्हणून ‘लिटर’ कोरलेलं असेल तर माप त्यानंतरचं. शिक्का अजिबात नसेल तरी निराश होऊ नका, घरातल्या मापांना त्याची गरज नसे.

हे वाचून होईपर्यंत कृपा करून घासू नका! भांडी घासायच्या पावडरने शिक्के झिजतात, आणि संडास धुण्याच्या अॅसिडने पितळेतलं जस्त निघून लालसर डाग पडतात, ते परत जात नाहीत. कोमट पाणी, साबण आणि मऊ ब्रश पुरे.

शोभेच्या नव्या नकला बाजारात भरपूर आहेत. त्यांचा काठ धारदार, एकसारखा असतो. वापरातल्या मापाचा काठ वर्षानुवर्षं धान्य सपाट केल्याने गुळगुळीत, एका बाजूला जास्त झिजलेला असतो.

तिन्हींचं पाणी ग्रॅममध्ये, काठाचा व तळाचा फोटो आणि घर कोणत्या तालुक्यातलं, एवढं लिहिलंत तर प्रत्येकाचं नाव ठरवता येईल.