संगीताच्या कार्यक्रमांच्या जागेसाठी चित्रमय ब्रँड ओळख करायची आहे, सुरुवात कुठून करू?

लोगोपासून तरी नको. आधी महिनाभराचं काम डोळ्यांसमोर आणा: दर आठवड्याला नवं पोस्टर, तिकीट, दारावरची पाटी, मोबाइलवरच्या प्रोफाइल-चित्राचा इवलासा गोल. एका चित्रात हे भागत नाही. म्हणून चित्रांची भाषा ठरवा. रेषेची जाडी, दोन-तीन रंग आणि पुन्हा पुन्हा भेटणारी चार-पाच पात्रं.

गिटार, हेडफोन, माइक टाळा. ते कुणाचेही असू शकतात. त्या जागेचं स्वतःचं काय आहे ते बघा, एखादा जिना, कमान, तिथे येणारी माणसं. फ्रेंच चित्रकार तुलूझ-लोत्रेकचं पॅरिसमधल्या मुलाँ रूज या नाचगाण्याच्या क्लबसाठीचं १८९१ चं पोस्टर पाहा. सपाट रंग, मागे प्रेक्षकांच्या काळ्या आकृत्या, मधोमध नाचणारी तिथली नर्तकी ला गुल्यू. वाद्य एकही नाही, तरी माहोल लगेच कळतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर या संगीत सभागृहासाठी पोस्टर-चित्रकार वेस विल्सनने १९६६ च्या सुमारास वितळल्यासारखी अक्षरं काढली. वाचताना डोळे ताणावे लागतात, पण लांबूनच ओळखू येतात. (तुम्ही मात्र तारीख-वेळ सरळ अक्षरांत लिहा, नाहीतर दाराशी भांडणं होतील!)

प्रत्येक चित्र नखाएवढं करून, एकाच रंगात छापून बघा. बारीक कलाकुसर तिथेच गळून पडते.

आणि चित्रकार बाहेरचा असेल तर हक्क लेखी ठरवा: टी-शर्टवर वापरता येईल का, पुढच्या पोस्टरमध्ये दुसऱ्या कुणी त्यात बदल केलेले चालतील का.