शेररसारखी गावं जळाली, दोष केटलिनचा की टायविनचा?

टायविनचाच. ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’ (१९९६) कादंबरीत केटलिननं, म्हणजे नेड स्टार्कच्या बायकोनं, लॅनिस्टर घराण्याचा प्रमुख टायविन याच्या मुलाला, टिरियनला पकडलं, ही राजकीय चूक, ठिणगी तिची, मान्य. पण त्याचा सूड ज्यांच्यावर उगवला गेला, त्या शेरर गावच्या शेतकऱ्यांनी कुणाचं काय बिघडवलं होतं? टायविनचा सरदार ग्रेगर, त्याची माणसं निशाणाशिवाय आली, ती उद्या टायविनला हात झटकता यावेत म्हणूनच. आम्हा धाराशिवकडच्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. १९४८ साली रझाकारही निजामाच्या फौजेत नव्हते. मग त्यांना मोकळं रान कुणी दिलं? सीमेवरची माणसं घरदार टाकून सोलापूरकडे गेली, ती त्या मोकळ्या रानामुळे. कादंबरीत राजाच्या जागी न्यायाला बसलेल्या नेडनं ग्रेगरची पदवी काढली, बेरिक या सरदाराला त्याच्यामागे धाडलं; टायविनचं नाव मात्र निकालात घेतलं नाही, हे मला अजून सलतं.